डोंग्यावरचा भोंगा

पुतण्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "काका, हे पाहा तुमचे म्हातारे. शेवटचा दौरा हाये म्हन्ते. अजून कसे बोंबलून राह्यले!"

मी चष्मा पुसून पाहिलं. चार म्हातारे, मागे आगीचे लोळ, समोर लाखभर डोकी. गाणाऱ्याच्या गळ्याची कातडी लोंबत होती, गिटारवाल्याचं टक्कल चमकत होतं. आणि पाठीमागे, ढोलांच्या ढिगात, तो. दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या, तोंड वासलेलं, धाप लागलेली, तरी मारत होता. वाजवत होता म्हटलं तर खोटं होईल. तो पहिल्यापासून मारतच आला आहे. एवढ्याशा मोबाइलमधून त्याचा ठोका माझ्या तळपायांना लागला आणि मी पाय उचलून खाटेवर घेतले.

पुतण्या हसला. काका दचकले, असं त्याने सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलेल्या बापाला ओरडून सांगितलं. त्याचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ कवडू. तो सुपात लाखोरीची डाळ पाखडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

या चौघांचा मी चाळीस वर्षांचा भक्त आहे आणि त्यातली पहिली बारा वर्षं मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ऐंशीनंतरची ती वर्षं. सावली या तालुक्याच्या गावी, बस स्टँडजवळ एका लाकडी टपरीत मी रेडिओ दुरुस्त करायचो. बारावीत दोनदा आपटलेला, विशी ओलांडलेला, तिरसट. एटापल्लीकडे रस्त्याच्या कामावर असलेला एक केरळी सुपरवायझर त्याचा टेपरेकॉर्डर माझ्याकडे टाकून गेला. आत एक कॅसेट होती. वर ना चित्र, ना नाव, नुसता पेनाने काढलेला चारचा आकडा. टेप सुरू होतो का बघावं म्हणून मी ती लावली आणि टपरीच्या पत्र्यावर कोणी गोटे फेकतोय असं वाटून बाहेर पळालो. बाहेर कोणी नव्हतं. सुपरवायझर टेप न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, आत कॅसेट होती का? मी म्हणालो, नव्हती साहेब. चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही.

शब्द एक कळत नव्हता. कळायची गरजही नव्हती. आमच्याकडे भजन होतं, दंडार होती, लग्नातला बाजा होता, पण आपला राग कोणी असा तोंडावर वाजवून दाखवला नव्हता. चौघांना मीच नावं दिली. गाणारा तो बोंबल्या. गिटारवाला करवत्या, कारण आरागिरणीत सागाच्या ओंडक्यात करवत शिरते तेव्हा ती तशीच किंचाळते. तिसरा काय वाजवायचा ते बरेच महिने ऐकूच आलं नाही, म्हणून तो मुका. आणि ढोलवाला तो लोहार. पुढे नागपूरच्या एका दुकानात त्यांचं खरं नाव कळलं तेव्हा काही विशेष बरं वाटलं नाही. बारा वर्षं संसार झाल्यावर बायकोचं नाव कळून काय करायचं? म्हणून ते इथेही लिहीत नाही.

काल चंद्रपूरहून इथे गावी आलो आणि दुपारी तलावावर जाऊन आलो. पाळीवर, तलावाच्या बांधावर, आता सिमेंट चढलं आहे, पण वास तोच. शेवाळ, उन्हात तापलेला चिखल, सडक्या शिंगाड्याच्या वेली आणि त्या सगळ्याखाली माशाच्या रक्ताचा वास, लोखंडासारखा. आम्ही ढिवर. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि आमची अख्खी जात त्याच वैरावर पोट भरते. मरळ लवकर मरत नाही. जाळ्यातून काढून पाळीवर टाकली तरी तासभर तडफडते, चालत पाण्याकडे जाते. तिच्या डोक्यात दांडका घालावा लागतो. मी आठ वर्षांचा असताना कवडूभाऊने माझ्या हातात दांडका दिला होता. माझा पहिला घाव चुकला, दुसरा डोळ्यावर बसला. "जीव लावून मार बे," तो म्हणाला. "अर्धा मारशीन तं तिलेच त्रास."

बाप लवकर गेला, त्यामुळे मला वाढवलं कवडूने, म्हणजे मारून वाढवलं. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. जाळ्याच्या काठ्या घरात आढ्याला खोचलेल्या असत आणि त्यातली कुठली काढायची हे त्याला अंधारातही कळे. शाळा बुडवली, मार. डोंग्याला, आमच्या लाकडी होडीला, भोक पडलं, मार. मीठ सांडलं, मार. पण दुसऱ्या कोणी मला हात लावला तर त्या माणसाची खैर नसे. उन्हाळी धानाला पाणी सोडा म्हणून शेतकरी दर वर्षी पाळीवर यायचे, आणि पाणी गेलं तर मासा मरेल म्हणून आम्ही अडवायचो. पाणी सोडायच्या दगडी तुडुमावर काठ्या चालायच्या. एका वर्षी एकाने माझ्या पाठीत काठी घातली, तर कवडूने त्याचा जबडा असा फोडला की त्याला महिनाभर पेज प्यावी लागली. घरी आल्यावर, तू मधे काऊन घुसला म्हणून कवडूने मलाही फोडून काढलं. सुजलेली पाठ घेऊन मी टपरीत गेलो, दार लावलं आणि कॅसेट लावली. लोहार मारत होता. मला वाटलं, माझ्या वतीने मारतोय. त्या वयात माणसाला कोणीतरी आपल्या वतीने मारणारा लागतो.

तिसरं गाणं माझं. सुरुवातीला करवत्या, मग बोंबल्या छाती फाटेपर्यंत, आणि मग सगळे एकदम गप्प. एकटा लोहार. पहिले सावकाश पाच ठोके, मधे श्वासाएवढी जागा, मग दोन, मग जागा, मग जो सुटतो तो सुटतोच. टेपचा पट्टा ढिला झाला की ते गाणं मंद व्हायचं, मी पट्टा बदलायचो. एका ठिकाणी फीत चुरगळली होती, तिथे ढोलाचा एक ठोका अर्धाच यायचा. तो अर्धा ठोकाही मला पाठ होता. कवडू टपरीत डोकावायचा. "हे काय लावून राह्यला बे? कोनाच्या घरी मानूस मेला का?" मी आवाज वाढवायचो. तो थोबाडीत द्यायचा, मग मी कमी करायचो.

आणि मग मे महिना. तलाव उतरला की आमची मोठी धरणी असते. अर्धवर्तुळात जाळं लावायचं आणि दुसऱ्या टोकाकडून तीस-चाळीस माणसांनी डबे बडवत, बांबू पाण्यावर हाणत मासा जाळ्याकडे हाकायचा. यालाच हाका म्हणतात. त्या वर्षी अर्धं गाव तेंदूपत्ता तोडायला एटापल्लीच्या जंगलात गेलेलं. हाक्याला उरले जेमतेम अकरा. धरणीचा म्होरक्या सोमाजीबाबा डोक्याला हात लावून पाळीवर बसला होता. "मानसं कुठून आनू? मासा का माह्या तोंडाकडे पाहून जाळ्यात येईन?"

मी म्हणालो, "बाबा, माह्यापाशी चार मानसं हायेत. चाळीसाइतका आवाज करते."

बाबाला पटायला वेळ लागला नाही, माणूस हौशी. लग्नातला भोंगा आला, ट्रॅक्टरची बॅटरी आली. दोन डोंगे फळ्यांनी जोडले, बांबूला भोंगा बांधून त्याचं तोंड पाण्याकडे वाकवलं. मी मधे मांडी घालून बसलो, पुढ्यात टेप. कवडूने हा थाट पाहिला, पाण्यातून चालत आला आणि सगळ्या गावासमोर माझ्या कानाखाली वाजवली. "तलाव हाये हा. तुह्या तमाशाचा मांडव नाई." बाया हसल्या. बाबाने त्याला दूर केलं. माझा एक कान सुन्न झाला होता आणि दुसऱ्या कानाने मी ते हसणं ऐकत होतो.

मग मी बटण दाबलं.

असा हाका त्या तलावाने कधी पाहिला नसेल. करवत्या पाण्यावरून किंचाळत गेला आणि हातभर लांबीचे रोहू हवेत उडाले. कतले डोंग्यावर आदळले. एक मरळ उडून थेट माझ्या मांडीवर पडली आणि मी बेभान होऊन मुठीने तिचं डोकं ठेचलं, थांबलोच नाही, हाताला माशाची हाडं रुतली तरी. पाळीवर पोरं नाचत होती. अकरा माणसं डबे बडवत, शिव्या देत, हसत पुढे सरकत होती. सोमाजीबाबा बोळक्या तोंडाने ओरडला, "साहेब लोक भारी हायेत बे तुह्ये!" माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा पाऊण तास. हे आजही कबूल करायला लाज वाटते, पण होता.

तुडुमाजवळ जाळं अडकलं. खाली बुडालेल्या झाडाचं खोड होतं. कवडू कमरेला सुरी खोचून, माझ्याच डोंग्याजवळून, जाळ्याखाली गेला.

आमच्यात एक रीत आहे. जाळ्याखाली माणूस असला की वर आवाज करायचा नाही. डबे बंद, बोलणं बंद, बिडीसुद्धा ओढत नाहीत. कारण खालचा माणूस अडकला तर त्याच्याकडे एकच उपाय असतो. जवळच्या डोंग्याच्या बुडावर मुठीने ठोकायचं. लाकडातून तो ठोका वरच्याच्या पायांना लागतो. हे लहान पोरालाही माहीत असतं. सोमाजीबाबाने हात वर केला. सगळे डबे एकदम थांबले.

मी टेप थांबवला नाही. लोहाराची पाळी आली होती. एवढं संपू दे, मग करतो, असं मनात म्हणालो. नंतर मी सगळ्यांना सांगितलं की बटण अडकलं होतं. बटण अडकलं नव्हतं.

लोक पाळीवरून हात हलवत होते. मला वाटलं नाचतायत. माझ्या पायाखाली धपधप होत होती. मला वाटलं, लोहार आज किती जवळून मारतोय. मग काय झालं कोण जाणे, मी बटण दाबलं आणि तलावावर शांतता पसरली. इतकी शांतता की ओल्या जाळ्यातून टपटपणारं पाणी ऐकू आलं. पायाखाली काही नव्हतं. तेव्हा सोमाजीबाबाने त्या वयात कोयता घेऊन पाण्यात उडी मारली आणि जाळं फाडलं.

कवडूला बाहेर काढलं तेव्हा त्याचं तोंड जांभळं पडलं होतं. सुरी त्याच्या हातून निसटली होती आणि पाय जाळ्यात पिळला गेला होता. रांजण उपडा घालून त्यावर त्याला पालथा टाकला, दोघांनी पाठ दाबली. तोंडातून पाणी आलं, चिखल आला, रक्त आलं, आणि फार उशिराने खोकला आला. वैनी छाती बडवत होती. तिच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर होतं, आज मोबाइल दाखवणारं हेच. कवडूच्या उजव्या मुठीची सालटी निघून बोटांच्या पेरांचं पांढरं हाड दिसत होतं. फाटक्या जाळ्यातून दिवसभराचा मासा निघून गेला. त्याकडे कोणी पाहिलं नाही.

गावाने मला दोष दिला नाही. यंत्राचं काय खरं, असं म्हणाले. ढोलाच्या आवाजात ठोका कसा कळणार, पोट्ट्याचा काय कसूर? सोमाजीबाबाने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू बंद केला म्हनून वाचला तो." मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

कवडू पुन्हा पाण्यात उतरला नाही. ढिवराने पाणी सोडणं म्हणजे काय, हे दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. तो सावलीच्या राइस मिलमध्ये पोती वाहू लागला. अंगाला माशाऐवजी कोंड्याचा वास येऊ लागला. भर उन्हात घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. तलाव भरला की आख्खं गाव पाळीवर जायचं, हा दुसऱ्या वाटेने मिलला जायचा.

आणि त्याने मला मारणं बंद केलं. एकदम. मी मुद्दाम उलटून बोललो, ताट आपटलं, एकदा त्याच्या देखत आढ्यातली काठी काढून मोडली. तो नुसता बघायचा आणि उठून जायचा. मार खाऊन वाढलेल्या माणसाला मार थांबल्यावर कुठे उभं राहावं कळत नाही. मग मी तो बाहेर शोधू लागलो. पुढच्या उन्हाळ्यात तुडुमावर भांडण झालं तेव्हा मी एकाला खाली पाडून इतका मारला की त्याचे दात माझ्या मुठीत रुतले. चौघांनी ओढून काढलं मला. तो माणूस जगला, पण त्याचा एक डोळा अधू झाला. लोक म्हणाले, भावावर गेला. त्याच महिन्यात मी टपरी मोडून चंद्रपूरला गेलो, तिथेच संसार केला, म्हातारा झालो. कॅसेट सोबत नेली. झिजून ती तुटली, तेव्हा दुसरी घेतली, पुढे तबकड्या, पुढे मोबाइल. लोक विचारतात, एवढं काय आहे हो त्या आरडाओरड्यात? मी काहीबाही सांगतो.

खरं एवढंच आहे की ते गाणं मला पाठ होतं. त्या दिवशीही होतं. पाच ठोके, जागा, दोन ठोके, जागा, चुरगळलेल्या फितीवरचा तो अर्धा. ज्याला एवढं पाठ आहे त्याला पायाखालचा ठोका लोहाराचा वाटेल का? पहिलाच ठोका मोकळ्या जागेत पडला. तो गाण्यात नव्हता. मला तेव्हाच कळलं की खाली भाऊ आहे. कान अजून सुन्न होता, बायांचं हसणं अजून आत होतं, आणि मी बटणावर बोट ठेवून मोजत बसलो. एक. दोन. तीन. सहापर्यंत. मग दाबलं. का मोजलं आणि का दाबलं, यातलं एकही आजवर मला सांगता आलेलं नाही. ते गाणं हजारदा ऐकलं ते आवडीनेच. मी त्याचा भक्त आहे, हे खोटं नाही. पण दर वेळी मोकळ्या जागा आल्या की मी त्यात ठोके ऐकतो.

पुतण्या मोबाइल घेऊन शेताकडे गेला. सपरीत आम्ही दोघंच राहिलो. सुपातून फोलपटं उडत होती. कवडूभाऊ आता सत्तरीच्या पुढे गेला आहे, हात थरथरतो, पण पाखडणं नेटकं. या चौघांचा शेवटचा दौरा असेल तर आमचा तरी कुठे पहिला आहे? मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"भाऊ," मी म्हणालो, "त्या दिवशी बटन अडकलं नव्हतं."

"मले मालूम हाये," तो म्हणाला. सूप थांबलं नाही.

"तुह्ये ठोके मले कळत होते. गान्यातले नाई, तुह्ये हायेत, हे कळत होतं."

आता सूप थांबलं. त्याने ते बाजूला ठेवलं, तळहात झटकले. मी वाट बघत होतो. त्याने उठून मला लाथ घातली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

"किती आयकला?"

"सहा."

अंगणात कोंबड्या फोलपटं उकरत होत्या. मग त्याने एक-एक बोट मिटत स्वतःशी मोजलं, दोन्ही हात लागले.

"मी नऊ मारलो," तो म्हणाला.

मला आधी उमगलं नाही, मग उमगलं. तीन ठोके लोहाराच्या ठोक्यावरच पडले असणार. ते मला खरोखर ऐकू आले नव्हते. एवढी वर्षं मी सहाच मोजत आलो होतो. आणि खाली, पाण्यात, पाय अडकलेला असताना, हा माणूसही मोजत होता.

"मंग तीन माफ," कवडूभाऊ म्हणाला. "सहा नाई."

त्याने सूप पुन्हा हातात घेतलं आणि आत वैनीला आवाज दिला, "दोघाईचं वाढ वो."